सोबत: एक जोडपत्र

गोखिवऱ्याच्या त्या इमारतीत राहायला गेलो तेव्हा शेजारधर्म म्हणून मी तळमजल्यावरच्या घरी वाटीभर खीर पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आत घडी घातलेला कागद होता. 'संदर्भ: आपली कालची खीर. सदर खीर प्राप्त झाली. गोडी योग्य, वेलची किंचित कमी. वाटी सोबत परत जोडत आहे. पोच द्यावी.' खाली सही, आणि सहीखाली रबरी शिक्का. मला वाटलं, थट्टा असेल. मी हसले आणि कागद कचऱ्यात टाकला. संध्याकाळी गृहस्थ स्वतः दारात उभे राहिले. म्हणाले, "वाटीची पोच राहिली."

मी पोच लिहून दिली. काय करणार?

हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सगळा जन्म मुंबईच्या एका विमा कचेरीत आवक-जावक विभागात गेलेला. बाहेरून आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक घालायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावर ते कचेरीतून बाहेर पडले, पण कचेरी काही त्यांच्यातून बाहेर पडली नाही. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक हिरवं. पँटच्या खिशात शिक्का, त्यामुळे ती बाजू कायम जांभळी. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर 'प्राप्त' असा शिक्का मारून ते लेखी उत्तर पाठवत. बिल्डिंगमधल्या पोरांनी हातानं केलेली दिवाळीची भेटकार्डं दिली, तर पोरांना आठवड्याच्या आत रीतसर आभारपत्र मिळे. "आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं," हे त्यांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कानावर पडायचंच.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, पदानं मारत. मी इथल्याच एका प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात हिशेब बघते हे कळल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी मला खजिनदार करून टाकलं. मी गॅसवर भात ठेवून आले होते, त्यामुळे विरोध करायला वेळ मिळाला नाही. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'खजिनदारबाई'. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ते काय म्हणत हे मी कधी ऐकलं नाही. बहुधा काही म्हणतच नसत. काकूंकडे बघून नुसते खाकरत.

पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याला निघालेली कॉलेजची मुलं आमच्या गेटपाशी थांबून रस्ता विचारायची. सेक्रेटरी रस्ता सांगायचे, पण आधी सगळ्यांची नावं उतरवून घ्यायचे आणि परत जाताना सांगून जा असं बजावायचे. मुलं हसायची, पण बरीचशी येताना खरंच हात दाखवून जायची. एकदा एक टोळकं आलंच नाही. संध्याकाळ झाली तसे सेक्रेटरी गेटपासून हलेनात. शेवटी छत्री घेऊन रिक्षानं चिंचोटीपर्यंत गेले आणि चहाच्या टपरीवाल्यांना विचारत फिरले. ती मुलं कामणवरून परस्पर दुसऱ्या रस्त्यानं घरी गेली होती. सेक्रेटरींना तापच आला. काकू आल्याचा काढा करता करता मला म्हणाल्या, "जगातल्या सगळ्यांची वाट बघायचा मक्ता यांनीच घेतलाय."

एखाद्यानं चक्रम म्हणून सोडून दिलं असतं. आम्हीही तसंच म्हणत होतो, फक्त सोडून देता येत नव्हतं, कारण ते सेक्रेटरी होते.

मग आमच्या कारखान्यात नवा कम्प्युटर आला आणि जुना मी मालकांना सांगून सोसायटीला मिळवून दिला. सोबत कर्र कर्र आवाज करणारा प्रिंटर. इथून माझ्या रविवारांची वाट लागली. जिन्याखालच्या खोलीत, मीटरच्या पेटीशेजारी, टेबलावर फुलाफुलांचं कापड घालून कम्प्युटरची स्थापना झाली. टेलिफोनची तार जोडली, इंटरनेटचे तास विकत घेतले, सोसायटीच्या नावानं एक ई-मेल पत्ता काढला. आमचे काही सभासद मस्कत-दुबईला होते, त्यांना नोटिसा पाठवायला तो हवाच होता. सेक्रेटरींनी प्रत्येक घराकडून ई-मेल, फोन नंबर आणि फ्लॅट चालू आहे की बंद, ही माहिती मागवली आणि मी ती टाइप करून दिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना मी सूचनाफलकापाशी थबकले. वर पाण्याच्या टँकरची वेळ. खाली 'गच्चीवर पापड वाळत घालताना पाण्याच्या टाकीवर चढू नये'. आणि मधोमध, लाल शाईत, सोसायटीचा ई-मेल पत्ता व त्याचा पासवर्ड.

मी तशीच त्यांच्या दारात गेले. "काका, पासवर्ड कोणी असा लावतं का? ती कुलपाची किल्ली असते."

"बरोबर," ते म्हणाले. "आणि कुलूप कोणाचं? सभासदांचं. मग किल्ली सभासदांना नको? उद्या कोणी म्हणायला नको की सेक्रेटरी एकटाच बसून पत्रं वाचतो. कारभार पारदर्शक हवा."

मी चेअरमनना गाठलं. चेअरमन मूळचे इथल्याच खाडीकाठच्या शेतकरी घरातले. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती एके काळी त्यांच्या आज्याची. माणूस भला, पण कम्प्युटरकडे ते शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघत. म्हणाले, "आपल्यात काय लपवायचं हाय, ताई? लावला तर लावला. पानी कधी येनार ते बी लावलंच ना तिथं."

मी घरी जाऊन कुकर लावला.

त्या पत्त्यावरून पहिलं पत्र कोणाला गेलं हे मला माहीत आहे, कारण ते मीच टाइप केलं. मुलाला. सेक्रेटरींचा एकुलता एक मुलगा आखातात कुठल्याशा कंपनीत होता. बापलेकांचं बोलणं कैक वर्षं बंद. मुलगा फोन करायचा तो दुपारी, वडील बँकेत नाहीतर पंचायतीच्या कचेरीत गेलेले असताना, आणि फक्त आईशी बोलायचा. त्याचा ई-मेल पत्ता काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागं लिहून ठेवला होता. तो बघून सेक्रेटरींनी मला मजकूर सांगितला: 'सोसायटीचा ई-मेल पत्ता वरीलप्रमाणे आहे. माहितीसाठी.' खाली संपूर्ण नाव आणि पदनाम.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पत्ता असला म्हणजे झालं. लिहायचं असलं तर माणूस लिहितो."

उत्तर आलं नाही. पण त्या दिवसापासून सेक्रेटरी रोज सकाळी आणि संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीत जाऊन कम्प्युटर चालू करू लागले. सभासदांना वाटायचं, काय हा माणूस सोसायटीसाठी झिजतो.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेऊन म्हणाल्या, "सेक्रेटरींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांच्या शाळेच्या कम्प्युटरवर सोसायटीच्या पत्त्यावरून पत्र आलं होतं. पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्यांचं. मुख्याध्यापिका मागंच उभ्या होत्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावर आलं. मग सगळीकडे. मस्कतच्या सभासदानं तिथून फोन लावून मला विचारलं की सोसायटीनं घड्याळं विकायचा धंदा कधीपासून सुरू केला. ज्यांनी ज्यांनी पत्ते दिले होते त्या सगळ्यांच्या पेट्या कचऱ्यानं भरू लागल्या. त्याहून वाईट म्हणजे अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले, "तुमचा गोखिवऱ्याचा फ्लॅट बंद आहे ना, भाड्यानं देता का?" फ्लॅट बंद आहे हे त्यांना कसं कळलं? आम्हीच लिहून ठेवलं होतं, आणि किल्ली फलकावर टांगली होती. कोणी वाचली, टँकरवाल्यानं, पेपरवाल्यानं की एखाद्या पाहुण्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रोज एक नवा संशयित निघायचा आणि संध्याकाळपर्यंत निर्दोष ठरायचा. चेअरमन डोकं धरून म्हणाले, "स्लॅब गळतो तवा पानी एकीकडून शिरतं नि दुसरीकडून टपकतं. कोनाला धरनार?" त्यातल्या त्यात हेच शहाणपणाचं बोलणं होतं.

सेक्रेटरी प्रत्येक घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करून आले. "ते पत्र माझं नाही. तथापि जावक माझ्या पत्त्यावरून झाली आहे, म्हणून क्षमस्व." इथवर ठीक होतं. पण कोणतं पत्र याबद्दल गैरसमज नको म्हणून ते त्याची छापील प्रत सोबत नेत आणि दारात उभं राहून वाचून दाखवत. शिक्षिकाबाईंनी त्यानंतर महिनाभर मागच्या जिन्यानं ये-जा केली.

पासवर्ड मी बदलला. फलकावरचा कागद काढला. वाटलं, सुटलो. तर पत्रं उलट वाढलीच. मी एका रविवारी खाली जाऊन बघते तो काय, टेबलावर छापलेल्या पत्रांची चळत, प्रत्येकावर 'प्राप्त' असा जांभळा शिक्का, आणि सेक्रेटरी एका बोटानं एकेकाला उत्तर टाइप करतायत.

आफ्रिकेतल्या कुठल्याशा सेनापतीच्या विधवेचं पत्र होतं. नवरा मारला गेला, पेटीभर संपत्ती अडकून पडली आहे, मदत करा. त्या काळी असली पत्रं ज्याला त्याला यायची. कोणी हसायचं, कोणी फसायचं. सेक्रेटरींनी कचेरीतल्या इंग्रजीत तिचं सांत्वन केलं होतं. 'आपल्या यजमानांच्या आकस्मिक निधनाचे वृत्त समजून अतिशय दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. पेटीबाबत स्थानिक पोस्टमास्तरांना भेटावे.' लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्याला लिहिलं होतं, 'आम्ही तिकीट काढलेले नाही. कृपया खऱ्या विजेत्याचा शोध घ्यावा, तो बिचारा वाट पाहत असेल.' विधवेचं उलट उत्तरही आलं होतं. तिला सांत्वन नको होतं, बँकेचा खातेक्रमांक हवा होता. सेक्रेटरी मला म्हणाले, "दुःखात माणूस असंबद्ध लिहितो."

"काका, हे सगळे चोर आहेत. तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, या पत्त्यावर माणूस आहे. मग आणखी पाठवतात."

"मग? आहेच की माणूस."

"आणि ही सोबत आलेली जोडपत्रं उघडू नका. त्यात व्हायरस असतो."

हे मात्र त्यांना पटेना. जोडपत्र न वाचता उत्तर द्यायचं म्हणजे कामचुकारपणा, असं त्यांच्या कचेरीत होतं. त्यांनी सगळी उघडली होती. कम्प्युटर आपोआप बंद पडून आपोआप सुरू व्हायला लागला. पडद्यावर खिडक्यांमागून खिडक्या उघडायच्या. आणि आता तर तो स्वतःच सभासदांना पत्रं पाठवत होता. सेक्रेटरींनी त्याला आजारी रजा मंजूर केली आणि तसा कागद त्याच्या कपाळावर चिकटवला. मी कारखान्यातून व्हायरस काढायची सीडी आणली, झाडलोट केली, की चार दिवसांनी पुन्हा तेच. कोणतं पत्र खरं आणि कोणतं खोटं, कोणतं माणसानं लिहिलंय आणि कोणतं यंत्रानं, याचा हळूहळू मलाही पत्ता लागेना. कारखान्यात आमच्या भंगारवाल्याचं इंग्रजीत मेल आलं: 'बरे आहात ना? सोबतचं जरूर पाहा आणि तुमचं मत कळवा.' भंगारवाला माझं मत विचारतोय म्हणून मी क्षणभर सुखावले आणि उघडलं. कारखान्याचा कम्प्युटर दोन दिवस बंद होता.

भाद्रपदात सभा भरली. विषय एकच: हा ई-मेल पत्ता बंद करायचा आणि नवा काढायचा. सगळे तयार होते. सेक्रेटरी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पत्ता बंद करता येणार नाही. पत्रव्यवहार प्रलंबित आहे."

"कोनाशी?" चेअरमननी विचारलं.

"प्रलंबित आहे," ते पुन्हा म्हणाले.

"त्या विधवेशी का?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा हसली. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून तसंच परत ठेवलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. चेअरमन गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. शेवटी ठराव झाला की दसऱ्यानंतर पत्ता बंद. तोवर जे काय प्रलंबित असेल ते मिटवावं.

सभेनंतर मी त्यांच्या घरी गेले. "काका, मुलाला नवा पत्ता कळवू या ना. मी आत्ता टाइप करते."

"एकदा कळवलाय," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा कळवायचं म्हणजे ते स्मरणपत्र होतं. स्मरणपत्र परक्याला पाठवतात."

असं म्हणून ते गेटकडे निघून गेले. काकू भाजीवालीकडून घेतलेली अळूची पानं निवडत बसल्या होत्या. मी न विचारताच बोलायला लागल्या.

"तुला माहीत नाही ना काय झालं ते? तो कॉलेजात असताना त्याच्या नावानं एका मुलीचं पत्र आलं होतं. यांनी उघडलं. सवयीनं ग, घरात येणारा कागद हेच उघडायचे. बरं, उघडलं तर उघडलं, वाचून ठेवून द्यावं. यांनी तिला उत्तर पाठवलं. 'आपले पत्र प्राप्त झाले, मजकूर समजला, सदर इसमाचे शिक्षण अपूर्ण असल्याने तूर्त विचार करता येत नाही.' शिक्का मारून. ती मुलगी पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. आणि हा यांच्याशी." त्यांनी अळूचा देठ सोलला. "यांना चूक कळली नाही असं नाही. कळली. पण चुकीला काय उत्तर लिहायचं असतं ते यांना ठाऊक नाही."

मी त्यांच्यासमोर बसले आणि उरलेली पानं निवडायला घेतली.

नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी सेक्रेटरी गेटपाशी माझी वाट बघत उभे होते. मला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. पडद्यावर एक पत्र उघडं होतं. वर मुलाचं नाव. मजकूर इंग्रजीत: 'बरे आहात ना? सोबतचं जरूर पाहा आणि तुमचं मत कळवा.' खाली जोडपत्राची छोटीशी खूण.

"परवा आलंय," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "माझं मत विचारलंय त्यानं. कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. नोकरी बदलतोय की काय? की लग्न?"

मी खुर्ची ओढून मजकूर पुन्हा वाचला. शब्द न् शब्द तोच होता, भंगारवाल्याचा. आता यांना सांगायचं कसं? आणि मग माझ्या लक्षात आलं की जोडपत्र उघडलेलंच नाही. परवापासून. लॉटरीवाल्याचं, विधवेचं, घड्याळवाल्याचं, सगळ्यांचं उघडणारा हा माणूस याच एकावर हात ठेवून बसला होता.

"उघडलं नाहीत?" मी विचारलं.

"त्याचं आहे," ते म्हणाले. "त्याला न विचारता कसं उघडायचं?"

मी सांगितलं. सांगावंच लागलं. हे पत्र त्यानं लिहिलेलं नाही, कोणीच लिहिलेलं नाही, व्हायरस स्वतःच लिहितो आणि स्वतःच पाठवतो. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, नुसता गोंधळ, पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या पोराचा असतो तसा.

"पण मग त्या व्हायरसला माझा पत्ता कोणी दिला?"

"ज्याच्या कम्प्युटरला लागण होते ना, त्याच्या पत्त्यांच्या वहीत जेवढे पत्ते असतील तेवढ्यांना तो जातो."

"म्हणजे त्याच्या वहीत माझा पत्ता आहे."

मला हो म्हणायचं होतं. पण खोटा दिलासा देणं मला जमत नाही. "काका, काही व्हायरस खोटं नावही लावतात. दुसऱ्याच कोणाच्या कम्प्युटरवरून आलं असेल. नक्की सांगता येत नाही."

"नक्की नाही," ते म्हणाले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, "पण वहीत नाहीच, असंही नक्की नाही."

"नाही. तसंही नाही."

मग त्यांनी मला लिहायला बसवलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा असंच लिहावं लागे. 'तुझ्या नावाने एक पत्र आले आहे. सोबत एक जोडपत्र आहे. ते तुझे असल्यास उघडू का? तुझ्या परवानगीशिवाय उघडणार नाही.' खाली नेहमीप्रमाणे संपूर्ण नाव, पदनाम.

"काका, व्हायरसच आहे तो," मी म्हणाले. "परवानगी कशाला?"

"खजिनदारबाई, पाठवा."

पत्र गेलं. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, नुसती तगमग आठवते. कारखान्यातून आल्यावर मी चप्पलही न काढता खाली जायची. फोन जोडला जाईपर्यंतचा तो कुंईकुंई आवाज, आणि मग गोळ्या, घड्याळं, लॉटरी, कर्ज. आम्ही दोघं एकेक पुसत जायचो. सेक्रेटरींनी आता कोणालाच उत्तर द्यायचं सोडलं होतं. विधवेचं आणखी एक पत्र आलं, तेही त्यांनी न वाचता पुसलं. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चेअरमन एकदा खोलीत डोकावून म्हणाले, "काय, मिटलं का ते परलंबित?" सेक्रेटरींनी नुसती मान हलवली. चेअरमननी खूण करून मला बाहेर बोलावलं. "ताई, ह्यांचं नक्की काय हाय? कायतरी दुखतंय ह्यांना." मी सांगितलं. त्यांनी खोलीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे की अजून महिनाभर. सभेला मी सांगतो. मानसाचं घर हाय, पत्ता काय एवढा जड झाला?" पण सेक्रेटरींनी ऐकलं नाही. ठराव म्हणजे ठराव.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पेटी उघडली. वरून खाली बघत गेलो आणि मधेच मुलाचं नाव आलं. मी उघडलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, घाईत लिहिलेलं.

'बाबा, उघडू नका. व्हायरस आहे तो. माझ्या कम्प्युटरवरून सगळ्यांना गेलाय, मी पाठवलेला नाही. तुमचा कम्प्युटर खराब होईल. आईला सांगा.'

सेक्रेटरी वाचत होते. परत वाचत होते. हे पत्र त्यानं आणखी कोणाकोणाला पाठवलंय ते मी बघितलं. तिथे एकच पत्ता होता, आमचा.

"हे त्यानं लिहिलंय की पुन्हा ते...?" त्यांनी विचारलं.

"त्यानं लिहिलंय, काका."

"नक्की?"

"व्हायरस कोणाला बाबा म्हणत नाही."

ते उठले, खाकरले, दारापर्यंत गेले, परत आले. मग काकूंना बोलावलं. काकू पदराला हात पुसत, चष्मा शोधत आल्या आणि पडद्यावर नाक टेकवून पहिला शब्द अक्षर अक्षर लावून वाचला. पुढचं काही त्यांनी वाचलंच नाही. "आईला काय सांगायचं म्हणतोय?" सेक्रेटरी त्यांना विचारत होते. "त्यानं ते स्पष्ट लिहिलेलं नाही. काय सांगू तुला?" काकूंनी त्यांच्या दंडावर नुसता हात ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

"उत्तर लिहू या," मी म्हणाले. "सांगा, मी टाइप करते."

"तुम्ही उठा," ते म्हणाले.

मी उठले. ते खुर्चीवर बसले. संपत चाललेल्या इंटरनेटच्या तासांची त्यांना घाई नव्हती. कितीतरी वेळ हात मांडीवरच होते. मग त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर हुडकत लिहिलं. वर संदर्भ घातला नाही, क्रमांक घातला नाही, खाली पदनाम नाही. दोनच शब्द.

'उघडलं नाही.'